टाकीची जागा

१२ फेब्रुवारी २००४
पंचायतीचा माणूस येऊन गेला. सूर्या नदीचं पाणी नळाने गावात येणार, त्याला उंच टाकी बांधायची आहे, आणि जागा आमची हवी. बावखल, आमचं वाडीतलं तळं, बुजवून त्यावर टाकी! मी हो म्हटलं नाही, नाही पण म्हटलं नाही. जेवण गेलं नाही.

१३ फेब्रुवारी
बावखल त्याला डबकं वाटतं. पावसाचं पाणी त्यात साठतं, मुरतं, म्हणून तर बाजूची विहीर गोडी राहते. समुद्र किती जवळ आहे! शेजाऱ्यांनी त्यांचं बावखल बुजवलं आणि पुढे त्यांच्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजेना. मटिल्डाने आज डाळ लावली तेव्हा मी चुलीपाशीच बसून राहिलो. म्हणाली, "तुमी बघत बसून ती लवकर शिजनार हाय काय?"
शिजली.

१५ फेब्रुवारी, रविवार
मिस्सानंतर आल्बिना आली, तुळिंजहून, पोरं आणि धुवायच्या कपड्यांचं बोचकं घेऊन. वाळली आहे पोरगी. त्यांच्या बिल्डिंगमध्ये टँकर येतो तेव्हा बायका एकमेकींच्या बादल्या ढकलतात म्हणे. मी टाकीचं सांगितलं. वाटलं, माझी बाजू घेईल. म्हणाली, "पपा, आमच्या टँकरमध्ये तुमच्याच गावांचं पाणी असतं. नदीचं आलं नाही तर तुमच्या विहिरी पण संपतील."
बरोबरच आहे.

२२ फेब्रुवारी
फर्डिनंडचा कुवेतवरून फोन. बुजवून टाका म्हणाला, मच्छर तरी कमी होतील. ह्याच बावखलात पोहायला शिकला तो! घर कधी बांधायला घेतोस विचारलं, तर बघू म्हणाला. रस्त्याकडची जागा त्याच्यासाठी मोकळी ठेवली आहे. केळी काढल्या, दगड आणून टाकले, फादरांनी पाणी शिंपडून आशीर्वादही दिला.

२३ फेब्रुवारी
उधाणाची भरती. विहिरीचं पाणी तीनदा चाखलं. एकदा खारट लागलं. मटिल्डा म्हणते, तोंडात लोणचं होतं.

२९ फेब्रुवारी
टाकी नको म्हटलं तर गाव मला काय म्हणेल? वरच्या आळीच्या बायका आत्ताच आमच्या विहिरीवर येतात. बावखल दिलं तर त्यांना हीसुद्धा विहीर राहायची नाही, आणि नळाला पाणी कधी येईल, येशूला ठाऊक.

३ मार्च
पंचायतीच्या माणसाला रस्त्याकडची जागा दाखवली. टेप लावून मोजली त्याने. इथे तर पाइपही कमी लागेल म्हणाला, आधी का नाही दाखवलीत? काय सांगणार त्याला! चहा दिला.

५ मार्च
सही केली. नाव वाकडं आलं. चालेल म्हणाले.
बावखल राहिलं. पण फर्डिनंडला काय तोंड दाखवू? बापाने पोराच्या घराची जागा दिली, तीही न विचारता. मटिल्डाला अजून बोललो नाही.

६ मार्च
आज पण बोललो नाही.

७ मार्च, रविवार
सांगितलं. आकांत करेल वाटलं होतं. ती मासळी साफ करत होती, हात थांबले नाहीत. मग म्हणाली, "बरं झालं दिली ती. फर्डिनंड कायमचा कॅनडाला चालला, त्याचे कागद झाले. नाताळात बोललेला मला. तुमाला झोप लागनार नाय, म्हनून मी सांगितलं नाय."