तिमोनच्या कबरीवरचे दिवे

२३ सप्टेंबर, शनिवार

लेशेकने पुन्हा पाण्याच्या बाटल्यांचा गठ्ठा आणला. सहा बाटल्या, वरून आणखी प्लास्टिक गुंडाळलेलं. नळाला चांगलं पाणी येतं, काचेचा जग भरून समोर ठेवलेला असतो. तरी! गठ्ठा टेबलावर आपटला आणि अंघोळीला निघून गेला. पूर्वी मी घर डोक्यावर घेतलं असतं. पूर्वी माझ्या नवऱ्याने आणलाच नसता म्हणा.

तहान लागते म्हणून नाही आणत तो. मला दाखवायला आणतो.

२५ सप्टेंबर

योलांता ग्रंथालयात आली. पुस्तक परत करायचं निमित्त. शाळेत जीवशास्त्र शिकवते ती, नदी-सफाई आम्ही दोघींनीच सुरू केली होती. काउंटरवर कोपरं टेकून म्हणाली, "रेनाता, नदीचं नाव नाही काढत मी. दफनभूमीचं काम आहे. सर्व संतांचा दिवस महिन्यावर आला, सगळं गाव कबरींवर दिवे लावणार. मागच्या वर्षी सणानंतर फाटकापाशी प्लास्टिकच्या दिव्यांचा ढीग बघितलास ना? माणसाच्या उंचीचा होता!"

तिच्या डोक्यात एक फडताळ आहे. फाटकाजवळ ठेवायचं. जळून संपलेल्या दिव्यांची बाहेरची चांगली नळकांडी धुऊन तिथे मांडायची, ज्याला हवं त्याने उचलायचं, आत मेणाची नवी डबी घालायची. फेकाफेक बंद.

"विचार करते," म्हटलं. ती जाताना माझा हात दाबून गेली. मला असा हात दाबलेला आवडत नाही. मग रडू येतं.

२७ सप्टेंबर, बुधवार

बुधवार माझा. रविवार लेशेकचा. असं काही ठरलेलं नाही, पण कबरीपाशी आम्ही एकमेकांना गाठत नाही. एकत्र गेलो ते फक्त पुरलं त्या दिवशी.

तिमोनच्या दगडावर आता पाय ठेवायला जागा नाही. लाल प्लास्टिकची नळकांडी, वर सोनेरी टोपणं, काही वितळून वाकडी झालेली. दर रविवारी हा माणूस एक नवा ठेवतो आणि जुने उचलत नाही. मी माझा एक काचेचा दिवा कडेला कसाबसा टेकवते.

तिमोन असता तर! माझ्या आईच्या कबरीवरचा असाच पसारा बघून म्हणाला होता, "आजीला विचार तरी, एवढ्या डब्या ती ठेवणार कुठे?" सगळे हसले होते. लेशेक सगळ्यात जास्त.

शेजारच्या कबरीवर स्तेफानिया आजी बसली होती, तिच्या नवऱ्यापाशी. ऐंशीच्या पुढची आहे, जीभ अजून वीसची. म्हणाली, "तुझ्या लेकाचं काय झगमगतं गं पोरी! माझा म्हातारा तर अंधारातच पडलाय. लोक म्हणत असतील, बायकोने पेन्शन खाल्ली."

३० सप्टेंबर

लिहूनच टाकते. गेल्या वर्षीचा अठरा जून, शनिवार, नदी-सफाईचा दिवस. होड्यांची यादी मी केली होती. बंधाऱ्याजवळचा पट्टा तिमोनला मी दिला, कारण तो चांगला वल्हवायचा. होडीत एक जुना टायर आणि बाटल्यांची सात-आठ पोती. बंधाऱ्याखाली पाण्याने होडी उलटवली आणि तिमोनला आत ओढलं. एकोणीस वर्षांचा होता. पोती तेवढी तरंगत वर आली.

मातीवरून परत येताना गाडीत लेशेक म्हणाला, "तुझ्या त्या बाटल्या." बस. तीनच शब्द. त्यानंतर एकदाही नाही बोलला. बोलला असता, ओरडला असता, तर मीही ओरडले असते. हे असं कुठे ठेवू मी?

मला एकच हवंय. त्याने एकदा म्हणावं, रेनाता, तुझी चूक नाही. खोटं म्हणाला तरी चालेल.

४ ऑक्टोबर

योलांताला हो म्हटलं.

७ ऑक्टोबर

लेशेकला सांगितलं. तो बसची पाळी संपवून आला होता, सूप पुढ्यात. मी म्हटलं, "चौदा तारखेला दफनभूमीची सफाई आहे. जुने दिवे उचलायचेत. मी जातेय."

चमचा खाली ठेवला. "अजून पोट भरलं नाही तुझं?"

मी बेसिनपाशी जाऊन उगाच धुतलेली पातेली परत धुतली.

१४ ऑक्टोबर, शनिवार

अठरा जण आले. हातमोजे, ढकलगाड्या, पोती. पोती प्लास्टिकचीच! योलांता स्वतःच हसली. नियम असा की भांडं आणि टोपण धड असेल ते घरी धुवायला न्यायचं, तुटकं पोत्यात. ज्या कबरीवर घरचं कोणी येतं, तिथे त्यांना आधी विचारायचं.

चौथा भाग मला मिळाला. तिमोन तिथेच आहे. स्तेफानिया आजी हजर. "दुसऱ्याच्या मेलेल्याचा दिवा माझ्या म्हाताऱ्याला? तो जिवंतपणी भावाचा कोट घालायचा नाही!" मग जरा वेळाने हळूच, "त्यातला एक निळा मिळेल का बघ."

तिमोनची कबर मी स्वतः रिकामी केली. कोणाला विचारायचं? आई आहे मी. विझलेली सगळी नळकांडी काढली, साठ तरी असतील, आणि वाकडीही घरी आणली. खाली दगड दिसला. त्याचं नाव पुरतं दिसलं, कित्येक महिन्यांनी. बरं वाटलं. खरंच बरं वाटलं.

१६ ऑक्टोबर, सोमवार

अक्षर वाकडं येतंय. येऊ दे.

सुट्टी घेतली होती. लेशेक कालपासून बसच्या लांबच्या फेरीवर, रविवार असून कबरीवर गेलेला नाही. टबमध्ये गरम पाणी आणि सोडा घालून नळकांडी रात्रभर भिजवली होती. सकाळी एकेक घासायला घेतलं. तळाशी मेणाची डबी बसते, तिच्या खालून कागदाचा लगदा निघत होता. कारखान्याचं लेबल असेल म्हणून बोटाने काढून टाकत गेले. मोरीची जाळी तुंबली तेव्हा चरफडले, की मेले हे कंपनीवाले, आतही कागद घालतात!

शेवटचं नळकांडं नीट बुडालंच नव्हतं, तरंगत राहिलेलं. त्यातला कागद अर्धा कोरडा. घडी घातलेला. वहीचा. लेशेकचं अक्षर.

तो लिहायचा! दर रविवारी पोराला चिठ्ठी लिहायचा, दिव्याच्या तळाशी ठेवायचा, वर डबी ठेवून पेटवायचा. म्हणून जुने उचलत नव्हता. आणि मी सोडा घालून धुतल्या. सगळ्या. जाळीतला लगदा बोटांनी बाहेर काढला, टॉवेलवर पसरला. लापशीसारखा गोळा. काही उरलं नाही.

त्या शेवटच्या कागदावरही शाई फुटलीय. वर 'तिमोन', मध्ये कुठेतरी 'आईला'. बाकी निळा डाग.

आईला काय? काय सांगत होता तो आईबद्दल?

१७ ऑक्टोबर

सांगितलं नाही.

१८ ऑक्टोबर

सांगितलं नाही. बुधवार असून गेले नाही.

२१ ऑक्टोबर

सांगितलं. उद्या रविवार, तो जाणार आणि रिकामा दगड बघणार. म्हणून.

तो बूट पुसत होता. मी उभी राहूनच सगळं बोलले, एका दमात. त्याचा ब्रश थांबला.

"सगळ्या?"

"सगळ्या. मला माहीत नव्हतं लेशेक. मला लेबलं वाटली."

"वाचल्यास?"

"नाही. शाई फुटली होती."

त्याने श्वास सोडला. मी बघितलं, खांदे खाली आले त्याचे. "बरं झालं," म्हणाला. आणि पुन्हा बूट पुसायला लागला.

मारलं असतं तरी इतकं लागलं नसतं. बरं झालं! म्हणजे एवढ्या चिठ्ठ्यांत काय भरलं होतं ते कळलंच की. तुझी आई अशी, तुझ्या आईने असं केलं. पोराकडे माझ्या चहाड्या. मीच त्या पुसल्या हे तरी नशीब.

२२ ऑक्टोबर, रविवार

गेला नाही. घरी असून पहिल्यांदाच. दिवसभर बाल्कनीत बसून होता, कोट न घालता.

२८ ऑक्टोबर

फडताळ लागलं. योलांताच्या नवऱ्याने फळ्या ठोकल्या. दुपारपर्यंत अर्धं रिकामं झालं! बायका आधी इकडे-तिकडे बघतात, ओळखीचं कोणी नाही ना, आणि मग पिशवीत टाकतात. आजीला निळा मिळाला. आज आम्ही सगळ्याजणी आपापले दगड घासत होतो, सणाआधी घासतात तसे. मी तिमोनचा दोनदा घासला.

योलांता म्हणाली, "बघ, तिमोनला किती आवडलं असतं." मी हसले. तिला काही सांगितलेलं नाही.

१ नोव्हेंबर, बुधवार

सर्व संत. सकाळी लेशेक कोट घालून दारात उभा. "चल," म्हणाला. एवढंच. मी घरातली चप्पल घालूनच निघणार होते, इतकी गडबडले.

शेवंतीच्या कुंड्या आणि माणसं. जर्मनीहून आलेले लेक, नातवंडं, सगळं गाव तिथे. लेशेक रिकाम्या हाताने आला होता. तिमोनच्या दगडावर माझा एक काचेचा दिवा. आजूबाजूच्या कबरी लखलखत होत्या. मागून कोणी बाई कुजबुजली, "इतक्यात विसरले पोराला?"

आजवर लोकांना सांगत आले, एकच दिवा लावा, काचेचा लावा, मेलेल्याला प्रेम कळतं, प्लास्टिक नाही कळत. आणि आज ती कुजबुज ऐकली आणि सरळ फाटकाबाहेरच्या टपरीवर गेले. दहा घेतले. लाल, सोनेरी टोपणांचे, प्लास्टिकचे! वर पिशवी पण घेतली. फडताळापाशी योलांता उभी होती. तिने बघितलं आणि मान दुसरीकडे वळवली. देव तिचं भलं करो.

लेशेकने पिशवी बघितली, मग माझ्याकडे बघितलं. काड्यापेटी काढली. एक मी धरायचा, एक तो पेटवायचा. वारा होता, काड्या विझत होत्या, तर त्याने माझ्या हाताभोवती हाताचा आडोसा केला. त्याची बोटं गार होती. आजी तिच्या निळ्या दिव्यापाशी बसून म्हणाली, "आता कसं! आता माझ्या म्हाताऱ्यालाही उजेड येतो तुमच्याकडचा."

दोघंच परत चालत आलो.  रस्त्याच्या एकाच बाजूने चाललो.

२ नोव्हेंबर

सकाळी विचारलं त्याने, "चहा टाकू का तुला?"

वर्षभरात पहिल्यांदा. मी म्हटलं टाक. कप हातात घेऊन इतका वेळ बसले की गार झाला.

५ नोव्हेंबर, रविवार

आज दोघं गेलो. विझलेले दहाही पिशवीत भरून घरी आणले. त्यानेच टबमध्ये पाणी सोडलं. मी घासले, त्याने पुसले. मेण निघत नव्हतं तिथे नखाने काढत होता. काल पाण्याच्या बाटल्यांचा गठ्ठा आणायचा वार होता. आणला नाही.

मला वाटतं, म्हणेल तो. दोन-चार दिवसांत म्हणेल. तोंडाशी येतं त्याच्या, मी बघते. पुसताना दोनदा म्हणाला, "रेनाता..." आणि थांबला. मी घाई करत नाही. इतकी वाट बघितली, आणखी थोडी.

१२ नोव्हेंबर, रविवार

म्हणाला. जेवणाचे बटाटे सोलत होतो, तेव्हा.

त्या शनिवारी तिमोनला नदीवर जायचंच नव्हतं. ताप होता, पाठ भरून आली होती. मी पहाटेच बंधाऱ्यावर गेलेली. तो बापाला म्हणाला, तू फोन करून सांग ना आईला. आणि लेशेक म्हणाला, जा रे, तिने एवढी तयारी केलीय, हिरमुसेल ती.

आणि संध्याकाळी नाही सांगितलं. मातीच्या दिवशी नाही. गाडीत म्हणाला, तुझ्या त्या बाटल्या. चिठ्ठ्यांत मात्र पोराला हेच लिहीत होता.

सतरा महिने मी याच्याकडे माफी मागत होते. आता तो टेबलावर डोकं ठेवून रडतोय आणि म्हणतोय, रेनाता, तू काहीतरी बोल.

जिन्यात बसलेय वही घेऊन. आतून त्याचा आवाज येतोय. बोलायला हवं मला. नाही जमत.