दारातला सुतार

प्रिय मेहुणेबुवा,

तुमच्या गुडघ्याला आराम पडला असेल अशी आशा करतो, कारण हे पत्र वाचून तुम्हाला लगेच उठून इकडे यायचं आहे. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. तुमच्या बहिणीची प्रकृती उत्तम. परवापासून ती नुसती हसते आहे. माझ्या प्रकृतीचं विचारू नका.

मी रंधा मारत मारत या कारखान्याचा मालक झालो हे तुम्ही जाणताच. पण चिरंजीवांनी (तुमचे लाडके भाचे) कारभार हाती घेतला आणि पाटीवरचा ‘सुतार’ पुसून तिथे ‘इंटिरियर्स’ आणलं. गिऱ्हाइकांना सांगतात, आमच्या वडिलांचं सगळं आयुष्य ‘वुड’मध्ये गेलं. वुडमध्ये! जशी काही मी वाळवी होतो. तेव्हाच ठरवलं, फाटकाशेजारी दुमजली उंचीचा लाकडी पुतळा उभा करायचा. हातात पटाशी, कानाला पेन्सिल, असा सुतार, की माझ्यामागे तो शब्द कुणाला पुसता येऊ नये.

आणि त्यासाठी तुम्ही हा शिल्पकार धाडलात! पहिल्याच दिवशी, करवतीचं मशीन चालू असताना, मी त्याच्या कानाशी ओरडून सांगितलं, ‘‘लांबून बघणाऱ्यालासुद्धा सुतार पक्का वाटला पाहिजे!’’ या गृहस्थाने ऐकलं ‘सुतारपक्षी’. (माझे कान असे, की पलीकडच्या खोलीत कुणी माझ्याविरुद्ध श्वास घेतला तरी कळतं. याचे कुणी तासून नेलेत की काय, देव जाणे.)

तुम्ही म्हणाल, मग कळलं कसं नाही? कळणार कसं! तो सगळं सुटं सुटं कोरायचा आणि वर ताडपत्री टाकायचा. मला एका बाजूला तोंड करून उभं केलं, नाकाचं माप घेतलं आणि म्हणाला, ‘‘साहेब, निसर्गाने माझं काम सोपं केलंय.’’ मी खूश! अंगावर खवल्याखवल्यांची नक्षी दिसली, मला वाटलं, उडालेले ढलपे दाखवतोय. मागच्या बाजूला खाली टेकलेली लांब फळी पाहून विचारलं, हे काय? म्हणाला, ‘‘सुताराला मागून भक्कम आधार लागतो, नाहीतर तो टिकतच नाही.’’ मला वाटलं, तुमच्या बहिणीविषयी बोलतोय. डोळे भरून आले हो माझे! ती शेपटी होती.

परवा सगळे कारागीर, व्याही आणि विहीणबाई यांच्यासमोर ताडपत्री ओढली. चोच! खोडाला नख्यांनी धरून बसलेला, तुरेवाला, धिप्पाड पक्षी. मग व्याही (एरवी ज्यांच्या तोंडून शब्द निघत नाही) म्हणाले, ‘‘चेहरा मात्र हुबेहूब आलाय हं.’’ तिथून तुमच्या बहिणीचं हसू सुरू झालंय. शिल्पकाराला जाब विचारला, तर तो वर माझीच समजूत घालतो, ‘‘पेन्सिलीचं मनाला लावून घेऊ नका. पक्ष्याचे कान दिसत नाहीत, खोचणार कुठे?’’

तर शिल्पकार तुमचा, पक्षीही तुमचाच. रविवारी क्रेन घेऊन या आणि दोघांनाही उचलून न्या.

तुमच्या बहिणीचा
(तूर्त हसण्यावारी गेलेला) नवरा

ता. क. पाकीट चिकटवता चिकटवता थांबलो. आत्ता खिडकीखाली एक गिऱ्हाईक गाडीतून उतरलं आणि चिरंजीवांना विचारू लागलं, ‘‘इंटिरियर्सच्या दारात हा पक्षी कशाला?’’ चिरंजीव घुटमळले. घसा खाकरला. मग अगदी स्पष्ट म्हणाले, ‘‘सुतार आहे तो. आमचे बाबा सुतार.’’ गिऱ्हाइकाने एकदा वर पाहिलं, एकदा खिडकीत माझ्याकडे पाहिलं आणि आदराने मान हलवली.

आणखी एक. क्रेन नको, उंच शिडी आणा. उघड्यावरच्या लाकडाला वरचेवर तेलाचा हात लागतो, आणि तो सुतारानेच द्यायचा असतो. बहिणीला यातलं काही बोलू नका.