पुढच्या चाकातले छर्रे

नवेगाव बांध,
डिसेंबर २००६

आदरणीय केशोराव भाऊजी यांस,

नवेगावहून तुमच्या साळ्याचा, ईश्वरदासचा, लांबूनच नमस्कार. (पायांवर डोकं ठेवतो असं लिहिणार होतो, पण हाताचं ग्रीस अजून निघालेलं नाही आणि कागदाला डाग लागून राहिले आहेत.) तुमचा गुडघा थंडीत त्रास देत असेल, शेकत जा. आमच्या थोरल्या बाईची, सुशिलाबाईची, साखर कशी आहे? चहात गूळ टाकला की साखर वाढत नाही असं ती म्हणते, ते डॉक्टरला एकदा विचारून घ्या. इकडे धान घरात आला, तलावात पाणी चांगलं आहे, माझी तब्येत ठीक. मन मात्र ठीक नाही, आणि त्याला कारण तुमची लुना.

नवी स्कूटर घेतल्यावर तुम्ही ती मला दिली तेव्हा म्हणाला होता, हिला काही होत नाही. इतकी वर्षं खरोखर काही झालं नाही. यंदा सगळं एकदम झालं. आधी पुढच्या चाकातून कोणी फुटाणे खात असल्यासारखा आवाज यायला लागला. मग हँडल थरथरायला लागलं. माझे हात असे हलत की समोरून येणाऱ्याला वाटे मी नमस्कार करून राहिलो, आणि तोही करे. त्यात पंचायतीच्या निवडणुकीपासून ज्यांच्याशी आपलं बोलणं बंद आहे तेही होते. आता ते चहाला येतात.

सडक अर्जुनीला मला दर आठवडी बाजाराला जावंच लागतं. (कपडे शिवायला टाकतो. तिथल्या शामकलाबाईची शिलाई चांगली आहे. नवरा वारल्यापासून ती एकटीच मशीन चालवते. संसार अर्ध्यावर टाकून आमची गंगा गेली, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. माझ्या बटणाकडे पाहणारं घरात कोणी नाही.) म्हणून हायवेवरच्या एका मिस्त्रीला चाक दाखवलं. तो ट्रकांचा मिस्त्री. त्याने लुनाकडे अशा नजरेनं पाहिलं जसं हत्तीच्या डॉक्टरनं शेळीकडे पाहावं. "चाचा, बेरिंग गया," म्हणाला, "अब इसको आराम करने दो." मला फार लागलं ते. मी गाडीला आराम दिला की मला कोण नेणार?

तेव्हा चाक घरीच खोलायचं ठरवलं. शेजारच्या मनिरामला तुम्ही ओळखता, जंगल खात्यातून निवृत्त झालेला. त्याला यंत्रातलं काही कळत नाही, पण त्याच्याकडे हातोडा आहे, आणि हातोडा असलेल्या माणसाला नाही म्हणणं कठीण असतं. नट गंजलेला होता. मी त्यावर रॉकेल टाकून वाट पाहू म्हटलं. मनिराम म्हणाला, "वाट कायले पाह्यतं," आणि हाणला. नट निघाला, एक्सल निघाला, आणि त्यामागून बेरिंगचे छर्रे, ज्वारीच्या दाण्याएवढे, एकदमच बाहेर आले. अंगणात धान वाळत पडला होता. छर्रे त्यात गेले.

भाऊजी, धानातून छर्रे शोधून पाहा कधी. (शोधू नका.) मी सूप घेऊन बसलो, मनिराम चाळणी घेऊन बसला, त्याची बायको आमच्यासाठी चहा घेऊन आली आणि आमच्याकडे पाहून चहा तसाच परत घेऊन गेली. बरेचसे मिळाले. उरलेल्यांपैकी काही कोंबड्यांनी टिपले असा मनिरामचा दावा आहे, कारण त्यानंतर त्याची लाल कोंबडी सावकाश चालायला लागली. जे मिळाले ते पुसून बेरिंगच्या वाटीत बसवले तर मधे मोकळी जागा राहायची. मी म्हटलं, नवे आणू. मनिराम म्हणाला, "जागा हाये त ग्रीस भर. ग्रीसही गुळगुळीतच असते नं जी." त्या क्षणी मला हे बोलणं पटलं. माणूस हताश झाला की त्याला मनिरामचंही पटतं.

मोटारपंपाचं ग्रीस होतं, ते भरलं. चाक बसवून नट आवळला तर चाक फिरेना. सैल केला तर डुलायला लागलं. पुन्हा आवळा, पुन्हा सैल करा, असं करता करता एका जागी ते फिरलंही आणि डुललंही नाही. मी आणि मनिराम चाकाकडे पाहत बराच वेळ नुसते बसलो. तेवढंच काय ते या सगळ्यातलं सुख.

बाजाराच्या दिवशी धुतलेला शर्ट घालून निघालो. गाडी अशी चालली जसा पाण्यावरून डोंगा. कोहमाऱ्याच्या फाट्यापर्यंत मी गुणगुणत गेलो. वाटेत ब्रेक लावायची गरजच पडली नाही, आणि घात तिथेच झाला. भरलेलं सगळं ग्रीस चाकाच्या गरमीनं वितळून ब्रेकच्या लायनरवर उतरलं होतं. (मागचा ब्रेक तुमच्या काळापासूनच नावाला आहे.) शामकलाबाईच्या दुकानासमोर ब्रेक दाबला. काहीच झालं नाही. ती दारातच उभी होती. मी तिच्याकडे पाहत, ती माझ्याकडे पाहत, मी पुढे निघून गेलो. थांबता येत नाही हे सांगावं म्हणून हात वर केला, तर तिनंही हात हलवला.

पुढे उतार आहे. उताराखाली ढाबा, ढाब्यासमोर बाज, बाजेवर एक ट्रक ड्रायव्हर झोपलेला. चाक आधी तिरपं झालं, मग अडकलं, आणि मी त्या बाजेवर ड्रायव्हरच्या शेजारी जाऊन पडलो. तो भला माणूस. डोळे उघडून सरकला आणि म्हणाला, "लेटो चाचा." 

गळ्यात टेप, हातात कात्री, अशी शामकलाबाई तिथे आली.

"काऊन जी, मायं दुकान दिसलं नाही का?"

"मले दिसलं. गाडीले नाही दिसलं," मी म्हटलं.

तिनं ढाब्यातून पाणी आणून माझं कोपर धुतलं, चिंधी बांधली. मग समोर बसून म्हणाली, "यंदा किती शर्ट शिवाले टाकले तुमी. अंगावर त हाच दिसते, जुनाच. खरं सांगा, तुमी येऊन राहिले कायसाठी?"

भाऊजी, ड्रायव्हर उठून बसला होता. ढाब्याचा मालक भजी तळायचा थांबला होता. बोलायची हीच वेळ होती, मला कळत होतं. आणि मी म्हटलं, "बेरिंगसाठी."

ती उठली. कात्री घेऊन निघून गेली. गाडी ढाबेवाल्यानं तिच्या दुकानामागे नेऊन ठेवली, आणि मी पुढचं चाक मांडीवर घेऊन एसटीनं घरी आलो. कंडक्टरनं विचारलं, बाकीची गाडी कुठे आहे.

असं आहे. मुलांना आशीर्वाद, बाईला नमस्कार. गुडघा शेकत जा.

तुमचा,
ईश्वरदास

ता. क. : फोनच केला असता, पण तुमच्याकडे फोन बाई उचलते, म्हणून पत्र आणि तेही तुमच्या दुकानाच्या पत्त्यावर. मला शामकलाबाईला लग्नाचं विचारायचं आहे. आई गेल्यावर थोरली बहीण म्हणून बाईनंच मला वाढवलं, तिला न सांगता मी पाऊल टाकणार नाही; आणि तिच्यासमोर बोलायची माझी हिंमत नाही. या वयात हे कायले, असं ती म्हणेल. तेव्हा तिचं जेवण झाल्यावर, मन शांत पाहून, तुम्ही तिच्या कानावर घाला. एवढ्यासाठीच लिहायला बसलो होतो, वर चाकाचं जरा लांबलं.

ता. क. दुसरा : पाकीट बंद करणार तोच बाईचा फोन आला. तिला सगळं माहीत आहे. ढाब्याचा मालक तुमच्या शेजाऱ्याचा व्याही निघाला. बाई रागावली नाही. लुगडं आणि नारळ घेऊन येत्या बाजाराला परस्पर सडक अर्जुनीला उतरते म्हणाली. भाऊजी, मी अजून शामकलाबाईला विचारलेलंच नाही. बाईला काहीही करून थांबवा. मी आत्ताच्या एसटीनं निघतो.

ता. क. शेवटचा : हे सडक अर्जुनीच्या पोस्टात उभा राहून लिहितो आहे. विचारलं. मशीनवरून मान वर न करता ती म्हणाली, "तुमच्या बाईचा फोन परवाच ढाब्यावर येऊन गेला. मी हो सांगतली. तुमचंच अटकून होतं." बाईला थांबवू नका.