गल्लीत न जाता लिहिलेलं

१९ जुलै
पाचवा दिवस, झड सुटत नाही. गुडघा धरलाय. शनिवारचा फेरफटक्याचा मजकूर चारपर्यंत हवा. संपादकांचे दोन फोन. गेल्या पावसाळ्यातली वही काढली. टिळकवाडीतून अनगोळकडे जाणारी मागची गल्ली. भिंतीवरचं शेवाळ, परसातल्या कर्दळी, वाहनं कमी. तेच फिरवून लिहिलं. शेवटी नेहमीची सूचना: रस्त्यात पाणी असेल तर कडेला गटारावरच्या फरश्यांवरून चालावं, वाट निर्धोक आहे. साडेतीनला पाठवला. तीस वर्षांत वेळ चुकवलेली नाही.

२३ जुलै
कमलआक्का पडल्या. त्याच गल्लीत. घोटा मोडला. मुलगा सुनील, त्याचा फोन होता.
आक्का अनगोळच्या, निवृत्त प्राथमिक शिक्षिका. दोन वर्षांपूर्वी माझा मजकूर वाचून चालायला लागल्या. भेटल्या की आधी शुद्धलेखनाच्या चुका दाखवणार, मग नमस्कार.
कुणीतरी नळाच्या कामाला एक फरशी उचलली आणि तशीच ठेवली. वर पाणी. महिना झाला म्हणे.
महिना. म्हणजे मी एकदा जरी जाऊन आलो असतो तर

२६ जुलै
भेटून आलो. पाय प्लास्टरात. उशाशी प्लास्टिकच्या पिशवीत माझं कात्रण. चालायला जाताना कमरेला खोचून नेतात. म्हणाल्या, "मी भिजले सर, तुमचं लिखाण कोरडं ऱ्हायलं बघा."
सुनीलचं म्हणणं, आईची नजर गेली, आता एकटीनं बाहेर पडायचं नाही. आक्का मान डोलावत होत्या. सरांनी बरोबरच लिहिलं होतं, मलाच दिसलं नाही, असं त्याला समजावत होत्या.
बोलायची वेळ तीच होती. चहा प्यालो. दारात चपला घालताना परत मनात आलं. पाऊस थांबलाय तोवर निघतो, म्हटलं.

२ ऑगस्ट
शेवटी गल्लीत गेलो. गुडघा कुरकुरला, एवढंच. भोकात कुणीतरी झाडाची फांदी खोचून ठेवलेली. समोरच्या घरी सांगितलं, दोघा गड्यांनी फरशी सरकवून बसवली. दहा मिनिटांचं काम.
घरी येऊन लिहिलं: पावसात फरशीवर पाय टाकण्याआधी काठीनं चाचपावं. माझ्याबद्दल अक्षर नाही. संपादक खूश. उपयुक्त मजकूर म्हणे.

११ सप्टें.
प्लास्टर निघालं. आक्कांच्या गच्चीवर फेऱ्या सुरू. सुनील वाईट नाही. बँकेत जातो, सून शाळेत शिकवते, मागं आईला काही झालं तर, ही धास्ती. जिन्याला नवा कठडा बसवून घेतलाय.

२४ ऑक्टो.
पहाटे धुकं. रस्ताभर बुचाची फुलं. चालण्याचा याहून चांगला महिना बेळगावात नाही, आणि पहिली वीस मिनिटं मी आक्कांना साफ विसरलो होतो. मग ओंजळभर वेचली, अकराच्या सुमारास नेऊन दिली.
त्यांनी फुलं हुंगली. बाहेर थंडी पडली का, विचारलं. बाहेर!
"गच्चीत कोण भेटतंय सर? घाण्याच्या बैलागत फिरायचं. बोरगावात शाळेला पाच मैल जात हुते, कुणी इचारलं न्हाय दिसतंय का म्हणून."
सुनील ऑफिसात. घरात दोघंच. आज सांगता आलं असतं.
फुलांबद्दल बोललो.

९ डिसें.
आक्कांचे डोळे तपासले. नजर चांगली. सुनील म्हणतो, तक्त्यावरची अक्षरं वेगळी आणि रस्ता वेगळा. आक्काही तेच म्हणतात. डॉक्टरांवर नाही, त्या पडण्यावर त्यांचा विश्वास. तो मोडणारा माणूस एकच, आणि तो दर शनिवारी लोकांना कसं चालावं ते शिकवतोय.
सौ.ला आज सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. "सांगून टाका त्यांना. का तेपण गेल्या सालच्या वहीत बघून सांगणार?"

१५ फेब्रु.
सांगितलं. सुनील घरी असेल अशी वेळ मुद्दाम धरून गेलो. त्या आठवड्यात गल्लीत गेलोच नव्हतो, जुन्या वहीवरून लिहिलं, फरशी उचललेल्या जागी वर पाणी होतं, गरुडाची नजर असती तरी पाय आतच गेला असता. चार वाक्यं. सात महिने लागले.
आक्का म्हणाल्या, "गल्लीत न जाताच लिवलं?"
"हो."
"निर्धोक म्हणून?"
"हो."
"वर्गातलं पोरगं असतं तर परत लिवायला बसवलं असतं." हसल्या नाहीत. "सात म्हयने मी माझ्या डोळ्याला बोल लावला, सर."
सुनील माझ्याकडे बघेना. चहाचं कुणी विचारलं नाही, ते बरं झालं.

१६ फेब्रु.
शनिवारच्या मजकुरात सगळं कबूल केलं. सं. म्हणाले, वाचकांना कशाला? दोन ओळींची दुरुस्ती टाकू. मी नको म्हटलं. अजून कळवलेलं नाही छापतात की नाही.

२१ फेब्रु.
छापलं नाही. पानावर जागा नव्हती म्हणे.
सकाळी साडेसहाला आक्कांच्या घरी गेलो. सोबत चालू का, विचारणार होतो. दारात सुनील, हातात दुधाची पिशवी, चेहरा उतरलेला. "आई गेली. एकटी. तुमी आला तर सांगू नको म्हणालीय कुठं ते."
मग त्यानंच हातानं दिशा दाखवली.
रेल्वे गेटाशी दिसल्या. गेट पडलेलं, दुचाक्यांच्या मागं त्या काठी टेकून उभ्या. मी पन्नास पावलांवर थांबलो. हाक मारली नाही. गाडी गेली, गेट उठलं, गर्दी पुढं जाऊ दिली त्यांनी, आणि मग रूळ ओलांडून डावीकडच्या बोळात वळल्या.
गेटापलीकडचं मी कधी काही लिहिलेलं नाही. तो बोळ कसा आहे, मला माहीत नाही.