मालदीवचं परराष्ट्र खातं

बाबा, परवा संध्याकाळी टीव्हीवर मालदीवची बातमी लागली होती. तो देश कोणाकडे झुकला, कोणाचं सैन्य राहणार, कोणाचं जाणार, यावर चार माणसं एकमेकांवर ओरडत होती. मी तवा उतरवून ठेवला आणि पिठाच्या हातांनीच बाहेर येऊन बसले. आता तो देश सगळ्यांना ठाऊक झालाय. मला उगाचच राग आला, आपल्या घरातली गोष्ट कोणी चव्हाट्यावर आणल्यासारखा. मग पोळ्या तशाच राहिल्या आणि त्या रात्री आम्ही भातच खाल्ला.

भामरागडच्या पलीकडच्या त्या गावात तुम्ही शाळेचे एकटे मास्तर होतात, आणि आई गेल्यापासून माझी आईही तुम्हीच. पावसाळ्याआधी तुम्ही मीठ, रॉकेल, डाळ, तेल भरून ठेवायचात आणि त्याबरोबर रेडिओचे सेल. पर्लकोटा नदी एकदा चढली की ना बस, ना टपाल, ना कोणी साहेब. "आता आपुन बेट झालो," असं तुम्ही दरवर्षी म्हणायचात, आणि ते म्हणताना तुम्ही खुशीत असायचात हे मला तेव्हाही कळायचं. सेल उतरत आले की तुम्ही ते चुलीच्या कडेला शेकायला ठेवता. मी पाट्यावर जवसाची चटणी वाटते आहे, तुम्ही भाताचं पाणी काढता आहात, आणि रेडिओच्या खरखरीतून कोणी बाई बातम्या सांगते आहे. मालदीवचं नाव आलं की तुम्ही हात वर करायचा आणि मी वाटणं थांबवायचं. महिन्यातून एखाद्या वेळीच यायचं ते, पण आलं की त्या दिवशी भाताला जास्त तूप.

एवढ्या मोठ्या जगात तुम्हाला हाच देश का सापडला, असं मी एकदा विचारलं होतं. "रशिया-अमेरिकेची काळजी कराले लय लोक आहेत," तुम्ही म्हणालात. "याची कोन करते?" गावचा म्हातारा पुजारी रेडिओ ऐकायला ओसरीवर येऊन बसायचा. त्याने एकदा फार विचार करून तुम्हाला विचारलं, "गुरुजी, तिथी मोह आहे का?" तुम्ही म्हणालात, मोहाचं झाड नाही, नारळ आहे, आणि मासे सुकवून खातात. म्हाताऱ्याने मान हलवली. "मासे सुकवतेत ना, मंग जगतीन," म्हणाला. त्या देशाबद्दल इतकं भलं मत मी नंतर कुठल्याही तज्ज्ञाकडून ऐकलेलं नाही.

जेवण झालं की आपला खेळ सुरू व्हायचा. मी मालदीवची परराष्ट्रमंत्री आणि उरलेलं सगळं जग तुम्ही. "नमस्कार मंत्रीबाई," म्हणत तुम्ही दारातून वाकून आत यायचात, कधी चीन होऊन, कधी अमेरिका होऊन, आणि काहीतरी देऊ करायचात. रस्ता बांधून देतो, जहाज देतो, बदल्यात एक बेट द्या. मी ऐटीत पाटावर बसून उत्तर द्यायची. कोणाशी गोड बोलायचं, कोणाला थांबवून ठेवायचं, कोणाचं काय घ्यायचं आणि काय परत करायचं, हे सगळं तुम्ही मला त्या मातीच्या जमिनीवर शिकवलंत. इंग्रज तिथल्या एका बेटावरचा विमानतळ सोडून गेले, तेव्हा रशियाने तो भाड्याने मागितला आणि एवढ्याशा देशाने नाही म्हटलं, ही गोष्ट तर तुम्ही किती वेळा सांगितली असेल. सांगताना तुमचा आवाज बदलायचा. खेळाचा एकच कडक नियम होता. "जो मोठा, त्यानं एकदाच पुसाचं. दुसऱ्यांदा पुसलं का ते पुसनं नाई राहत, दाबनं होते."

हा नियम कुठून आला ते तुम्ही एकदाच सांगितलंत. "माया बापाले गावातून हाक आली का हातातला घास ठेवून जा लागे. मेलेलं ढोर ओढाले. नाई म्हनता येत नोतं त्याले. दीक्षा घेतली, तवा पह्यल्यांदा नाई म्हनला. घरी येऊन दिवसभर थरथरत होता." भिंतीवर बुद्धाचा फोटो होता, त्याच्याकडे बघत तुम्ही हे बोललात आणि मग मला झोपायला सांगितलंत. त्या हिवाळ्यात ढाक्याला सात शेजारी देशांची पहिली बैठक भरली. मालदीवही होता. मी विचारलं, "सगळ्याइच्या खुर्च्या सारख्याच असतीन ना, बाबा?" तुम्ही म्हणालात, "सारख्याच. एका मापाच्या." आणि चुलीचा धूर नसतानाही तुम्ही डोळे पुसलेत.

चौथीनंतर तुम्ही मला ब्रह्मपुरीला आत्याकडे ठेवलंत. पुढची शाळा गावात नव्हती, दुसरा इलाज नव्हता, हे आज कळतं. तेव्हा एवढंच कळत होतं की माझ्याच बाबांनी मला घराबाहेर काढलं. आत्याकडे सगळं होतं. वीज होती, नळ होता, धानाची कोठी भरलेली होती, आणि मी तिथे रोज संध्याकाळी भांडी घासताना रडायची. दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही आलात. तुमचे गाल बसले होते. आत्याने तुम्हाला वांग्याची भाजी पुन्हा पुन्हा वाढली. परत जायच्या दिवशी स्टँडवर, बस लागलेली असताना, तुम्ही माझ्यासमोर उकिडवे बसलात आणि म्हणालात, "साहेब बदली देतो म्हनते. इथी येऊ का मी, तुज्यापाशी? तू म्हनशीन तसं करतो." तुम्ही खेळ खेळत नव्हतात. पण मला एवढा राग होता, आणि तो कसा बोलून दाखवायचा ते येत नव्हतं. मी मान ताठ करून म्हणाले, "आमच्या देशाला गरज नाही."

आत्या माझ्यावर धावून आली. "काऊन व, बापासंग असं बोलते का?" तुम्ही तिला हाताने थांबवलंत. "राहू दे. तिले नाई म्हनाचा हक आहे." मग माझ्या डोक्यावरून हात फिरवलात, म्हणालात, "बरं, मंत्रीबाई," आणि बसमध्ये चढलात.

पुढच्या पावसाळ्यात तुम्हाला ताप आला. गावाने तुम्हाला खाटेवर घालून नदीपर्यंत नेलं, पण पूर एवढा होता की डोंगा घालता येईना. पूर उतरल्यावर बातमी ब्रह्मपुरीला पोचली, तोवर माती देऊन झाली होती. गावकऱ्यांनी त्यांच्या रीतीने तुमच्या आठवणीसाठी एक दगड उभा केला आहे. मी आत्याबरोबर गेले, तेव्हा पुजाऱ्याने मला तो दाखवला आणि तुमचा रेडिओ माझ्या हातात दिला. बाबा, मी तुम्हाला इतकं शोधलं त्या घरात. चुलीपाशी बसून राहिले, हलेनाच. आजही ब्रह्मपुरीच्या स्टँडवर उतरले की आधी अहेरीकडच्या, आपल्या गावाच्या वाटेवरच्या गाड्या लागतात तिकडे बघते. सवय आहे, दुसरं काय.

त्यानंतर वर्षभराने मालदीववर संकट आलं. हत्यारबंद माणसं शिरली, आणि त्या देशाने आपल्याला हाक मारली. आपली विमानं लगेच निघाली. शाळेत सगळे आपल्या सैन्याबद्दल बोलत होते. मी मात्र एकाच गोष्टीशी अडले होते. लहान देश हाकही मारू शकतो, हे आपल्या खेळात कधी आलंच नव्हतं. तुम्ही मला नाही म्हणायला शिकवलंत, कारण तुमच्या बापाला ते मिळालं नव्हतं. 'या' म्हणायचं आपल्या दोघांनाही सुचलं नाही.

माझी मुलगी आता नागपूरला होस्टेलवर असते. फोनवर मी तिला विचारते, घ्यायला येऊ का? ती नको म्हणते. मी पुन्हा विचारते. "आई, कितीदा विचारशील!" म्हणून ती चिडते, आणि मी आणखी एकदा विचारून मगच फोन ठेवते.

हे पत्र टाकायला कुठली पेटी नाही, म्हणून लिहून झालं की गादीखाली ठेवीन. पण एक सांगायचं राहिलंय. त्या दिवशी बस सुटेपर्यंत मी तुमच्या खिडकीखाली उभी होते. आत्याला वाटलं, निरोप द्यायला. तुम्हालाही तसंच वाटलं असेल, कारण तुम्ही हात हलवत होतात. बाबा, मी वाट पाहत होते, तुम्ही अजून एकदा विचाराल म्हणून.