उशीवर उतरलेलं गवत

तीर्थरूप वहिनी,

वाकून नमस्कार (गुडघ्याने परवानगी दिली तितकाच). कंबर कशी आहे? भाची आमटीत मीठ घालायला अजून विसरते का? इकडे मी ठीक आहे, म्हणजे शिंकते आहे.

अकरा कुंड्या टेम्पोत घालून तुम्ही लेकीकडे निघून गेलात, त्याला आज बावीस दिवस झाले. 'तुमच्या गुलाबांनी माझ्या नाकाचं वाटोळं केलं' असं मी म्हणाले होते, नाकारत नाही (निघताना दार तुम्हीही आपटलं होतंत). वाटलं, गुलाब गेले की शिंका जातील. गुलाब गेले, तुम्ही गेलात, शिंका मात्र रोज सकाळी सलग चौदा. शेवटी नाकाच्या डॉक्टरणीने उशीच्या अभ्र्यावर चिकटपट्टी दाबून ती घेऊन यायला सांगितलं. वय माझ्या छत्रीइतकं, आणि मला सरळ 'आजी' म्हणाली! मी म्हटलं, मी कुणाची आजी नाही, भूमितीची निवृत्त शिक्षिका आहे. तर म्हणते, "बरं बाई, मग बाही वर करा." हातावर ओळीने बारा टोचण्या दिल्या. गुलाबाची जागा सपाट. गवताच्या जागी कोटाच्या बटणाएवढी गांध!

मग तिने त्या चिकटपट्टीवर गुलाबी रंगाचा थेंब टाकला आणि मला सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला सांगितलं. वहिनी, चाळीस वर्षं मी फळ्यावर वर्तुळं काढली, पण इतकं नेटकं एकदाही जमलं नाही. शेकडो इवले गोळे, आणि प्रत्येकाला बाजूला एकच छिद्र, कंपासचं टोक टेकवावं तसं. मागे तीन पेशंट खोकत होते (मुद्दाम), तरी मला डोळा काढवेना. डॉक्टरीण सांगत होती की हे गवताचे परागकण, कोरड्या वाऱ्यावर मैलोन्‌मैल जातात, पाऊस आला की खाली बसतात, आणि विजांच्या पावसात तर पाणी पिऊन फुटतात, एकाचे शेकडो तुकडे होतात. ज्या गवतावर मी आयुष्यभर नुसत्या चपला पुसल्या, त्याने न विचारता दोन मजले चढून माझ्या उशीवर मुक्काम ठोकावा!

"आणि गुलाब?" मी विचारलं.

"त्याचा पराग जड नि चिकट. त्याला न्यायला मधमाशी लागते. तो कशाला तुमच्या नाकाच्या वाटेला जाईल?"

"मग हे आत आलं कसं?"

"पहाटे खिडक्या कोण उघडतं, बाई?"

मी उघडते. कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात सिस्टर साडेपाचला सगळ्या खिडक्या सताड उघडायला लावत, शुद्ध हवेसाठी. तेव्हापासून एक दिवस चुकवलेला नाही. वर चादरी-अभ्रे गॅलरीत वाऱ्यावर वाळत घालायचे (तुम्ही दोनदा म्हणालात, आत दोरी बांधू; मी तुम्हाला आळशी म्हटलं). म्हणजे इमारतीमागचं अख्खं गवताळ मैदान मीच रोज घरात आणून गादीवर अंथरत होते, आणि दोषी कोण? तुम्ही!

असो. हे पत्र केवळ शास्त्रीय माहितीसाठी आहे. माफी वगैरे समजू नये.

तुमची,
नणंद

ता. क. माफीच आहे. खिडकीखालच्या फरशीवर कुंड्यांचे अकरा गोल डाग राहिलेत, ते पुसायला हात धजत नाही. घरी चला. आत दोरी बांधली आहे. खिडक्या आता पाऊस पडून गेल्यावरच उघडते, आणि कधी उघडायच्या ते यापुढे तुम्ही ठरवा.

ता. क. २. उत्तर पोस्टाने पाठवू नका. पोस्टावर माझा विश्वास नाही, म्हणून हे पत्र मीच दाराखालून सरकवते आहे. पहिल्या पानावर असतानाच जिन्यात कुणीतरी शिंकल्याचं ऐकू आलं असेल. भाचीला म्हणावं, दार उघड, आत्या आहे.