तार काढल्यावरची सुई

लातूर, वैशाखातला मंगळवार, संध्याकाळ

आटलेल्या विहिरीवरच्या पंपाचं लोखंड कापून चुंबकाचा गाभा मी केला, तांब्याची तार मीच गुंडाळली, चुंबकत्व दाखवणारी सुईसुद्धा मीच घासली. जिल्हा नवा झाल्यावर आलेल्या प्राध्यापकांना हे चुंबक कणांना वेग देणाऱ्या यंत्रासाठी हवं होतं. वीज उलटसुलट फिरवत, कमी कमी करत शून्यावर आणली की लोखंड मागचं चुंबकत्व विसरतं. आज सुई मधोमध आली, म्हणजे विसरलं. तार काढून टाकली. तरी रोजच्यासारखी, पूर्वी पंप लावायचो त्या वेळेला सुई विहिरीकडं वळलीच.

"तुमच्यासारखंच हाय ते, इसरतच न्हाई," बायको हसली.

उन्हानं असेल? पण लोखंड तर गार होतं. उद्या सुई किती वळेल हे मी सांगू शकतो, थांबवू शकत नाही. असली वस्तू माझ्या नावानं कशी द्यायची? प्राध्यापकांना नाही म्हणालो. पाच हजार देत होते.